मागल्या फाळक्याची कडी

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर वाहनाच्या तोंडाकडेच पाहिले आहे. एंजिनाची शक्ती, पुढल्या जाळीची शोभा आणि दिव्यांची ठेवण यांची वर्णने करताना ज्यांची लेखणी थकत नाही, त्यांनी ज्या अंगाने शेतकऱ्याची पोती, कोळणीच्या टोपल्या, लग्नघरची भांडी आणि प्रसंगी अंथरुणाला खिळलेला रोगी आत घेतला जातो, त्या मागल्या अंगाची दखल क्वचितच घेतली. आपल्या किल्ल्यांच्या वर्णनांतही हाच पक्षपात आढळतो: महादरवाजाच्या बुरुजांवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि चोरदिंडीच्या वाट्याला एखादी ओळ येते, वस्तुतः बिकट प्रसंगी कामाला येई ती चोरदिंडीच. मोटारीचा मागला फाळका, त्याला लावलेली कडी, पुढे त्या कडीच्या जागी आलेली मूठ, आणि ती मूठ गंजून बसली म्हणजे तिला पुन्हा चालती करणारे कारागीर, यांची हकिकत येथे सांगावयाची आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु मे महिन्याच्या अखेरीस, डोक्यावर वळवाचे ढग जमलेले असताना, उघडता उघडत नाही अशा फाळक्याच्या आत चाळीस पेट्या आंबा अडकून पडलेला ज्याने पाहिला आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

फाळका हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. फळी, फळा, फळकूट या शब्दांच्याच कुळातला तो असून मूळ अर्थ लाकडाची रुंद पाटी एवढाच. आमच्याकडील बैलगाडीला मात्र बहुधा असा पक्का फाळका नसे. गाडीच्या साट्यावर बांबूचे तट्टे उभे करावयाचे, मागल्या बाजूस आणखी एक आडवे लावावयाचे, आणि काथ्याच्या वा सुंभाच्या दोरीने ते आवळून टाकावयाचे, एवढ्यावर धान्याचा सारा बंदोबस्त होई. कुलूप नाही, कडी नाही, म्हणून गंजण्यासारखेही काही नाही. दोरी कुजली तर दुसरी वळता येई, तट्टा फाटला तर बुरूड दुसरा विणून देई. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली गावाच्या व्यवस्थेवरील आपल्या ग्रंथाला ‘गावगाडा’ हे नाव दिले ते उगीच नव्हे; सुतार आणि लोहार हे बलुतेदार त्या रूपकातल्या गाड्याला आणि खऱ्या गाड्यालाही सारखेच बांधलेले होते. सुताराने आरे बसवावयाचे, लोहाराने चाकावर लोखंडी धाव तापवून चढवावयाची, आणि दोघांनीही त्याचा मोबदला सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्यरूपाने घ्यावयाचा.

त्या गाडीत ज्या एका जागी लोखंड अहोरात्र घासले जाई, ती जागा म्हणजे आख. त्यासाठी एरंडेलात काजळी खलून केलेले काळे वंगण एका नळकांड्यात भरून ते नळकांडे गाडीखालीच टांगलेले असे, आणि जाणता गाडीवान चाक करकरू लागण्याची वाट न पाहता आधीच वंगण घाली. आज यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा वंगण शब्द मोठ्या रुबाबाने वावरतो. त्याचा जन्म मात्र गाडीखालच्या त्या तेलकट नळकांड्यात झाला आहे. मोटारी दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रींच्या विद्येचा पहिला पाठही, माझ्या समजुतीप्रमाणे, तेथेच आहे. आधी तेल पाजावे, मग जोर करावा. हा क्रम ज्याने उलटा केला त्याचा आख मोडला.

मोटारलॉरी आली आणि तट्ट्याची जागा खऱ्या फाळक्याने घेतली. कारखान्यातून येई तो बहुधा नुसता सांगाडा: चाके, एंजिन, चालकापुढचे लोखंडी तोंड. मागचा हौदा ज्या त्या गावच्या बॉडीवाल्याने सागाच्या वा अन्य टणक लाकडाच्या फळ्या आणि लोखंडी पट्ट्या यांतून उभा करावयाचा. १९५४ साली टाटांनी जर्मन सहकार्याने जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास घेतल्यावरही ही पद्धत दीर्घकाळ तशीच राहिली. अशा हौद्याचा मागला फाळका खालच्या बाजूस बिजागऱ्यांवर फिरे. वर दोन्ही कोपऱ्यांत लोखंडी खिट्टी, आणि खिट्टी निसटून हरवू नये म्हणून तिला वीतभर साखळी. हमालाने हाताच्या तळव्याने वा दगडाने खिट्टी वर ठोकली की फाळका धाडकन खाली येई, आणि त्या आवाजावरून आडत-बाजारात गाडी लागल्याची वर्दी सर्वांस पोचे. माझे मत विचाराल तर कडीचा इतका शहाणा प्रकार पुढे झालाच नाही. तिच्यात जे काही बिघडे ते डोळ्यांपुढे बिघडे. गंज चढला तर दिसे. खिट्टी वाकली तर दिसे. आणि दुरुस्तीसाठी लागणारे हत्यार, म्हणजे दगड, वाटेत कोठेही सापडे.

या कडीचे अमेरिकन भावंडही आरंभी असेच साधे होते. हेन्री फोर्डच्या कारखान्याने १९२५ च्या एप्रिल महिन्यात आपल्या सुप्रसिद्ध ‘टी’ नमुन्याच्या मोटारीला मागे लहानसा पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विक्रीला काढली. तोवर अमेरिकन शेतकरी स्वतःच सुताराकडून असा हौदा करवून घेत असत. कारखान्याने त्यांचीच युक्ती उचलली, इतकेच. त्या हौद्याची लांबी ५६ इंच होती आणि त्याला मागे खालीवर करता येणारा फाळका होता. पुढे अनेक वर्षे अशा गाड्यांचे फाळके दोन बाजूंच्या साखळ्या नि आकडे यांवरच तोलले जात. साखळी खडखडू नये म्हणून तिच्यावर कोणी रबराची नळी चढवी, कोणी चामडे गुंडाळी.

जीपगाडीची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकन लष्कराने १९४० साली तातडीने हलके लढाऊ वाहन मागविले, पेनसिल्व्हानियातील बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणून उभा केला, आणि मग विलीज व फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या बाहेर काढल्या. या लढाऊ जीपच्या पाठीला दार नव्हते. मागचा पत्रा पक्का बसविलेला, त्यावर जादा चाक आणि पेट्रोलचा डबा अडकविलेला. शिपायाने बाजूने उडी मारून चढावे अशी अपेक्षा. युद्ध संपत आले तेव्हा विलीज कंपनीपुढे प्रश्न उभा राहिला, की हे वाहन आता विकावयाचे कोणाला? उत्तर मिळाले, शेतकऱ्याला. आणि १९४५ साली नागरी जीप तयार झाली तेव्हा तिच्यात जे मोजके फेरफार करण्यात आले, त्यांतला एक म्हणजे जादा चाक पाठीवरून काढून कुशीला लावणे आणि मागे साखळ्यांवर उघडणारा फाळका बसविणे. शिपायाची गाडी कुणब्याची झाली, ती या फाळक्यामुळे. इतिहासकाराने तलवारीचा नांगर झाल्याची ग्वाही द्यावयाची असेल तर हा एक पत्रा पुरावा म्हणून दाखल करण्याजोगा आहे.

हिंदुस्थानात युद्धोत्तर काळात जुन्या लष्करी सामानाच्या विक्रीतून जीपगाड्या खाजगी हातांत आल्या. स्वतंत्र भारतातील खरेदीविषयक पहिल्या गाजलेल्या वादांपैकी एक, १९४८ चा, डागडुजी केलेल्या जीपगाड्यांच्याच मागणीवरून उठला, आणि प्रत्यक्षात बंदरावर १५५ गाड्या उतरल्या त्याही लष्कराने नापसंत केल्या. त्याच सुमारास मुंबईस, माझगावात, महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून ते जुळविण्याचे काम हाती घेतले. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांचा प्रीमियर कारखाना १९४४ पासून उभा राहत होताच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक घटना घडली ती १९५३ साली. ज्या परदेशी कंपन्या येथे केवळ सुटे भाग जुळवून मोटारी विकत, स्वतः येथे भाग घडविण्याची ज्यांची योजना नव्हती, त्यांना यापुढे परवाना मिळू नये, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने केली आणि सरकारने ती मान्य केली. शिवडीस १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. परदेशी मोटारींची आवक आटली. येथे तयार होणाऱ्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे.

या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा अर्थशास्त्र्यांनी करावी. त्याचा एक परिणाम मात्र त्यांच्या खतावणीत नोंदला गेलेला नाही. ज्या देशात नवी गाडी मिळणे दुर्घट, त्या देशात जुनी गाडी मरू देता येत नाही. अमेरिकेत दहा वर्षांत भंगारात गेली असती अशी गाडी आपल्याकडे तीस वर्षे चालली. तिच्या दाराची मूठ तुटली तर बदली मूठ समुद्रापलीकडे होती, आणि ती आणविण्याइतके परकी चलन एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरास वा वकिलास कोण देणार? म्हणून मूठ येथेच घडवावी लागली, नाहीतर जुनीच जिवंत करावी लागली. मोटारमिस्त्री नावाचा जो वर्ग त्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रभर उभा राहिला तो या गरजेतून.

हे लोक आले कोठून? काही लोहार-सुतारांच्याच घरचे. बलुत्याची घडी विस्कटल्यावर भाता आणि ऐरण घेऊन ते तालुक्याच्या गावी मोटारस्टँडाशेजारी बसले. काही परळ-माटुंग्याच्या रेल्वे कर्मशाळांत वा खडकीच्या लष्करी कर्मशाळेत हात बसवून आले. १९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरकडे पहिली सरकारी एस. टी. गाडी धावली, आणि तिच्यामागोमाग दापोडीची कर्मशाळा व जिल्ह्याजिल्ह्यांतील आगारे यांतून शिकाऊ पोरांची एक नवी पिढी तयार झाली. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, कोल्हापुरात उद्यमनगर येथे या विद्येची पीठे झाली. कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे की तेथे तेलाच्या एंजिनांच्या निमित्ताने ओतशाळा आणि लेथ आधीच मौजूद होते; मोडका भाग तेथे दुरुस्त तर होईच, पण नमुना दाखविल्यास नवाही ओतून मिळे. या मंडळींची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पान्हा, पक्कड, कानस, छिन्नी हे आपले. उस्ताद आणि कारीगर हे उर्दूच्या वाटेने आलेले. पिन, बुश, लिव्हर, लॉक हे साहेबाचे. आणि या तीन मुलखांच्या शब्दांना एकाच वाक्यात नांदविणारे क्रियापद अस्सल मराठी. ‘लॉक जाम झालंय’ या तीन शब्दांत केवढा इतिहास दडला आहे!

आता मुठीकडे येऊ. साखळी आणि खिट्टी बाहेर असतात, उघड्या पडलेल्या असतात, म्हणून त्या ओबडधोबड दिसतात. मोटारीला घरंदाज रूप देऊ पाहणाऱ्या आराखडाकारांना ते खपेना. १९६० च्या दशकात अमेरिकन मालवाहू गाड्यांच्या फाळक्यावर मधोमध एकच मूठ दिसू लागली, जी एका हाताने ओढताच दोन्ही कोपरे एकदम सुटत. प्रवासी स्टेशनवॅगनच्या बाबतीत तर फोर्डने १९६६ सालच्या नमुन्यात एकच दार खालीही पडेल आणि आडवेही उघडेल अशी करामत केली. आपल्याकडे ही आतल्या यंत्राची मूठ सार्वत्रिक व्हावयास १९८० नंतरचा काळ उजाडावा लागला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, तिची पाठ वर उचलली जाई. १९८८ साली टाटांची लहान मालगाडी आली. १९९४ साली सुमो आली, जिचे नाव सुमंत मूळगावकरांच्या नावावरून ठेवले गेले. त्याच काळात सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ‘वडाप’ नावाचा नवा वाहतूक-संप्रदाय उदयास आला, आणि त्यातल्या जुन्या पद्धतीच्या जीपचा साखळीवरचा फाळका पाडून त्यावर चार-चार माणसे पाय सोडून बसू लागली. त्या साखळीने किती भार सोसला याचा हिशोब परिवहन खात्याकडेही नसेल.

नव्या मुठीची अंतर्रचना अशी असते. बाहेरून दिसणारी मूठ फाळक्याच्या पत्र्यात बसविलेली. ती एका पिनेभोवती फिरते. तिच्या पाठीशी, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत, एक लहान लिव्हर. त्या लिव्हरच्या दोन टोकांना दोन सळ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि सळ्यांच्या शेवटी कोपऱ्यांत दोन जबडे, जे गाडीच्या खांबांवरील खुंट्या घट्ट पकडून ठेवतात. मूठ ओढली की लिव्हर वळते, सळ्या आत ओढल्या जातात, जबडे सुटतात. रचना सुबक आहे, पण तिने एक गोष्ट केली: जे बाहेर होते ते आत नेले. गाडीवानाला आख दिसत होता, हमालाला खिट्टी दिसत होती. या मालकाला मात्र मुठीपलीकडचे काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला तेल घालण्याची आठवण कोणास राहते?

त्या अंधाऱ्या पोकळीत गंजाचे राज्य चालते. लोखंड खाणारा तो गंज, अशी आपली समजूत असते आणि ती खोटीही नाही. परंतु मुठीचा खरा घात तो दुसऱ्या गुणाने करतो. पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंडाचा गंज होतो तेव्हा त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. पिन आणि तिचे भोक यांत केसाएवढी फट असते. फुगलेला गंज ती फट भरून टाकतो आणि पुढे पाचरीसारखा दाटतो. पिन झिजून सैल व्हावी तर ती उलट अधिकच घट्ट बसते. त्यात मीठ असेल तर पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सुलभ होऊन हे काम कितीतरी पटींनी वेगाने होते. कोकणात तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस आणि वर्षभर खारा वारा. शिवाय रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी नेणारे टेम्पो पाहावेत: बर्फाचे खारट पाणी फाळक्याच्या फटींतून थेंबथेंब रस्ताभर गळत असते. देशावरच्या फाळक्याचे आयुष्य आणि किनाऱ्यावरच्या फाळक्याचे आयुष्य यांची तुलनाच करू नये.

आमच्या घरची लहान मालगाडी अशीच किनाऱ्यालगतच्या बागेत आंब्याच्या पेट्या वाहून म्हातारी झालेली. एके वर्षी मूठ ओढली तर ती दगडासारखी निश्चल. आम्ही घरच्या घरी जो पहिला उपाय केला तो, अर्थातच, सर्वांत वाईट होता. म्हणजे आम्ही हातोडी घेतली. आंबाघाट चढून कोल्हापुरास उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी मुठीवरचे घाव पाहून प्रथम एवढेच विचारले, ‘ह्यो पराक्रम कुणाचा म्हणायचा?’ मग ते म्हणाले, ‘साहेब, हे हँडल लोखंडाचं न्हाई. वरनं चमकतंय ती नुसती कल्हई. आणखी दोन घाव घातला असता तर बिस्किटागत तुकडं झालं असतं.’ कल्हई हा त्यांचा शब्द क्रोमच्या मुलाम्यासाठी होता, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अशा पुष्कळशा मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्या गंजत नाहीत, त्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि घाव बसला की त्या वाकण्याऐवजी फुटतात. गंजते ती त्यांच्या पोटातली पोलादी पिन.

त्यांनी रोगनिदान ज्या पद्धतीने केले ती एखाद्या वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी होती. मूठ मुळीच हलत नसेल तर दोष पिनेत. मूठ ढिली पडून लोंबत असेल तर सळी लिव्हरपासून निखळलेली. मूठ नीट फिरते, पण फाळक्याचा एकच कोपरा सुटतो, असे असेल तर दुसऱ्या कोपऱ्याचा जबडा धरलेला. आमच्या गाडीत पहिला आणि तिसरा असे दोन्ही दोष एकत्र नांदत होते. फाळका बंद असल्यामुळे ते हौद्यात चढून बसले आणि आतल्या बाजूच्या झाकणपट्टीचे स्क्रू सोडवू लागले. आठांपैकी तीन स्क्रू बसलेले. येथे मी पुन्हा अधीरपणा दाखविला, तेव्हा मिळालेले उत्तर मी विसरलेलो नाही: ‘दम खावा. आज ह्येला राकेल पाजूया, उद्या बघूया.’

एका जुन्या तेलकट बुधलीतून त्यांनी थेंबथेंब राकेल त्या स्क्रूंच्या माथ्यांवर आणि मुठीच्या पिनेवर सोडले, हलक्या हाताने टिचक्या माराव्यात तशा हातोडीच्या मुठीने त्या जागा ठोकल्या, आणि आम्हांस धर्मशाळेचा रस्ता दाखविला. राकेल पातळ, केशाकर्षणाने ते जाड तेल जाऊ शकत नाही तेथे शिरते, आणि टिचक्यांच्या कंपनांनी गंजाच्या पापुद्र्यांना सूक्ष्म भेगा पडून त्याला वाट मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन स्क्रू निमूटपणे सुटले. तिसऱ्यासाठी त्यांनी तापलेली सळई त्याच्या भोवतालच्या पत्र्यास लावली, आणि पत्रा गरम असतानाच त्या सांध्यावर मेणबत्तीचे टोक टेकविले. मेण वितळून आत शोषले गेले आणि स्क्रू करकरत फिरला. राकेल लावलेल्या जागी विस्तव नेण्यापूर्वी ती फडक्याने तीनतीनदा पुसून कोरडी केली होती, हेही येथे नमूद करावयास हवे, नाहीतर एखादा उत्साही वाचक अर्धीच कृती उचलावयाचा.

झाकणपट्टी निघाली आणि फाळक्याचे अंतरंग दिसले. तळाशी बोटभर माती साचून चिखल झालेला, त्यात आंब्याच्या पेटीतले पेंढ्याचे कण, आणि उजवीकडचा जबडा तांबड्या ढेकळासारखा. पक्कडीने सळी ओढताच डावा कोपरा सुटला. उजव्यासाठी आणखी तासभर राकेल, तारेचा ब्रश आणि कानस यांची आराधना करावी लागली. मुठीची जुनी पिन काढल्यावर मधल्या भागात ती निम्मी झिजलेली आणि कडेला फुगलेली निघाली. शेजारच्या लेथवर त्यांनी नवी पिन कातून आणविली आणि ती भोकापेक्षा केसभर बारीक ठेवविली. मी कारण विचारले, तर म्हणाले, ‘गिरीसला बसायला जागा नको व्हय?’ एरंडेलाचे नळकांडे गाडीखाली टांगणाऱ्या गाडीवानाने हा प्रश्न विचारलाच नसता.

हल्ली डब्यातून फवारण्याचे जे तेल सर्वत्र मिळते, त्याचीही हकिकत मौजेची आहे. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९५३ साली तयार झाले, ते घरच्या बिजागऱ्यांसाठी नव्हे, तर क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरील ओल हटवून त्याचे गंजापासून रक्षण करण्यासाठी. त्याच्या नावातील चाळीस हा अंक चाळिसाव्या प्रयत्नाचा निदर्शक होय. मिस्त्रींनाही ते ठाऊक होते आणि त्यांच्या फळीवर एक डबा उभाही होता. परंतु त्यांचा आक्षेप असा, की लोक तेवढे फवारून मोकळे होतात. ओल हटविणे आणि गंज सोडविणे हे एक काम, वंगण घालणे हे दुसरे. पातळ तेल उडून जाते आणि जागा पुन्हा उघडी पडते. म्हणून सर्व भाग सुटल्यावर त्यांनी ते प्रथम धुऊन काढले, सुकविले, आणि मगच जबड्यांत व पिनेवर दाट ग्रीस भरले. या मुद्द्यावर क्षेपणास्त्रवाल्यांपेक्षा मिस्त्रींचा अभिप्राय मला अधिक ग्राह्य वाटतो.

त्यांच्या हाताखाली त्या दिवशी एकच पोरगा होता, आणि तो दुपारनंतर दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला जात असे. नव्या गाड्यांच्या फाळक्यांना आता विजेची कळ असते. ती बिघडली तर अख्खी पेटीच बदलतात, कातण्यासारखी पिन तिच्यात नसते. नाना पेठेत आणि कुर्ल्यास ही माणसे अजून भेटतात, पण लेथ झाकलेले दुकान पूर्वीपेक्षा अधिक दिसते.

निघताना त्यांनी आम्हांस फाळक्याच्या खालच्या कडेला, चिखलाने बुजलेली चार बारीक भोके दाखविली. आत शिरलेले पाणी निथळून जावे म्हणून ती कारखान्यानेच ठेवलेली असतात, आणि वर्षानुवर्षे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ज्या वाचकांकडे अशी जुनी गाडी असेल त्यांनी ती भोके अवश्य शोधावीत, आणि मृग लागण्यापूर्वी एकदा बारीक तारेने मोकळी करावीत. आमची गाडी अद्याप चालते.